तिसरी चढाई

भात कापलेलं वावर सपाट केलं,
धसकटं उपटली, तरी दोन-चार राहिलीच,
ती सातेरीच्या पोटरीनं शोधून काढली.
बेळगुंदीत हंगाम असा सुरू होतो:
चुना कमी पडतो,
शेवटची रेषा राखेनं मारतात.

मी खेळत नाही. उद्यमबागेत लेथवर असतो,
रविवारी गुणांची वही धरतो.
आत्ता कुठं तीन सामने झालेत,
एवढ्यात बोलू नये, दृष्ट लागते,
पण वहीत आहे ते आहे:
समोरच्यांच्या तिसऱ्या चढाया सतरा.
त्यातले परत गेले
दोन.

पहिल्या दोन चढायांना आमची पोरं
शनिवारच्या बाजारातल्या बायकांसारखी असतात.
गिऱ्हाईक येतं, पाटी चाळवतं, भाव पाडून मागतं,
ह्या मान वरसुद्धा करत नाहीत.
जा बाबा, फिरून ये.
दुसऱ्यांदा येतं, तेव्हाही तसंच.
तिसऱ्यांदा मात्र रिकाम्या हातानं जाता येत नाही,
हे चढाईवाल्याला ठाऊक असतं,
त्याच्या गुडघ्यांना त्याच्याही आधी.

तेव्हा डाव्या कोपऱ्यात सातेरी जरा खाली बसतो.
उजव्या कोपऱ्यात ईरण्णा हुद्दार चड्डीला तळवे पुसतो.
त्याच्या शेजारी दस्तगीर, ज्याचं लग्न पुढच्या महिन्यात
आणि ज्याला आईनं बजावलंय, बोट मोडून घेऊ नकोस.
दमाचा आवाज जवळ येतो,
डब्यात अडकलेल्या माशीसारखा,
मग एकदम "धर!" आणि "हिडी!"
एकाच तोंडातून आल्यासारखं.
कोण कुठलं ओरडलं ते मला कधी कळलेलं नाही,
सातेरीच हिडी म्हणतो असा माझा संशय आहे.
माती उडते. ढिगाऱ्यातून एक हात रेषेकडं निघतो.
वीतभर.
चार बोटं.
राखेच्या अलीकडं नखाचा ओरखडा.
शिट्टी.

निसटलेले दोघंही सांगतो, नाहीतर वही खोटी.
एक हलग्याचा. त्याच्या बनियनचा तुकडा
दस्तगीरच्या मुठीत राहिला, सात आकड्याचा नुसता कान.
दुसरा कडोलीचा, मिसरूडही न फुटलेला,
ईरण्णाच्या पाठीवरून उडाला तो
थेट बाहेर बसलेल्या बापाच्या मांडीवर.
आम्हीही टाळ्या वाजवल्या. काय करणार.

पण काल, अगदी शेवटची.
एका गुणानं पुढं होतो, पाचच उरले होते.
भरमाणी मास्तर बाहेरून हात खाली दाबत होते,
तव्यावरची भाकरी दाबावी तसे.
कोणी पुढं झालं नाही.
टाचा मागच्या रेषेला टेकलेल्या, हातात हात.
ईरण्णाचे खांदे थरथरत होते, न धरणं त्याला जमत नाही,
म्हणून दस्तगीरनं त्याचंच मनगट पकडून ठेवलेलं.
चढाईवाला डावीकडं झुकला, उजवीकडं झुकला,
पाय पुढं टाकून मागं घेतला,
आणि तीस सेकंद संपले.
कोणी हात न लावता बाद.
कमरेवर हात ठेवून आमच्याकडं बघत राहिला,
जणू आम्ही काहीतरी बोलणार होतो.

वहीत एक रकाना आहे: पकड कोणाची.
पंचांनी त्यांच्या कागदावर कानडी आकड्यांत मांडलं,
मी माझ्या. बेरीज जुळली.
रकाना तसाच.
घरी येऊन पाच नावं लिहिली, मावेनात,
खोडली.

आज रताळी उकडतायत.
सातेरी घोटा गरम पाण्यात घालून बसलाय.
"सुजलाय?"
"न्हाई मर्दा."
सुजलाय.
पुढच्या रविवारी नंदगड.
तिथं एकजण आहे म्हणे,
पहिल्या दोन चढायांना नुसता फिरून जातो,
मान वरसुद्धा करत नाही.