निरंक

डोब्रेंटिनच्या कचेरीत दिवा लागतो
फक्त गुरुवारी, दोन ते सहा.
वीब्के कोट न काढताच बसते
आणि गाव मोजायला घेते.

पहिली नोंद एका पाद्र्याची आहे,
तीस वर्षांची लढाई संपली तेव्हाची :
'चुली सतरा. पैकी पेटत्या दोन.'
शाई पाणचट,
बहुधा तळ्याचंच पाणी घातलेलं.

मग वह्या जाड होत जातात.
जमीनदाराच्या राय-बटाट्याला हात लागतात,
हातांना पोरं होतात,
आणि पोरांच्या नावापुढे एका हिवाळ्यात
कारकून लिहू लागतो : अमेरिका.
खाली कित्ता.
कित्ता.
पान उलटलं तरी कित्ता.

पंचेचाळीसच्या मार्चात पूर्वेकडून हातगाड्या आल्या.
बर्फाचा भरवसा नव्हता,
म्हणून अख्ख्या तळ्याला वळसा घालून.
तीनशे दहाचं गाव महिन्यात सातशेचं झालं,
तबेल्यात, शाळेत, ऑर्गनच्या मागे माणसं निजली.
वीब्केची आई त्यांतलीच, सात वर्षांची.
नावापुढे शेरा : तात्पुरती.
तो कुणी खोडलाच नाही.
एकसष्ट वर्षं ती इथे तात्पुरती राहिली
आणि तात्पुरतीच पुरली गेली,
लिंडेनखाली, तिसऱ्या ओळीत.

भिंत पडली तेव्हा इथे कुणी नाचलं नाही.
नंतर एका सोमवारी
दूध न्यायला गाडी आली नाही, एवढंच.
पाठोपाठ हॅम्बुर्ग. कित्ता. कित्ता.
बालवाडीत आता अग्निशामक दलाचा पंप ठेवतात,
खुंट्यांवर अजून बदक, ससा, छत्री.

जिल्ह्याचं पत्र समोर आहे :
दोनशेच्या खाली गेलात
तर पलीकडच्या काठात विलीन व्हाल.
मागच्या गुरुवारी बरोबर दोनशे होते.
सोमवारी हिनरिक टेस्नो गेला,
वाम मासे धुरावणारा, कर्ज न फेडणारा,
उन्हाळाभर होडीतच झोपणारा.
पोस्टमनने पत्ता विचारला की म्हणायचा :
'वेताच्या डावीकडे, वारा असेल तर उजवीकडे.'

तक्त्यात शेवटची ओळ तळ्याची असते.
क्षेत्र : चारशे बारा हेक्टर.
रहिवासी : निरंक.
दरवर्षी तेच, छापल्यासारखं.

वीब्के 'निरंक'कडे बघत राहते.
मग पेन ठेवते, पेन्सिल उचलते,
तो शब्द हलकेच खोडते
आणि तिथे लिहिते : एक.

खालची बेरीज जुळते.
सहाला दहा कमी असतात.
ती दिवा मालवते.