सुकतीचा दिग्विजय

सम्राट अरिकेतू, अपरांताचा स्वामी,
बारा दुर्ग आणि सात बंदरं जिंकलेला,
रात्री अकराच्या सुमारास
रेवंडी आणि तळाशीलच्या मधोमध
रेतीच्या दांड्यावर रुतला.

होडीत आम्ही पाच.
महाराज, म्हणजे गुणाजी मेतर,
एरवी बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढणारा;
प्रधान; मांडीवर पेटी घेतलेला पेटीवाला;
बुधाजी तारी, ज्याने वल्हं आडवं टाकून विडी पेटवली;
आणि मी, सैनिक तिसरा.
मला संवाद नाही.
दुसऱ्या अंकात मरतो, चौथ्यात उठून मशाल धरतो.

पलीकडे मंडपात दिवे.
भोंगा सांगत होता, थोड्याच वेळात, रसिकहो, थोड्याच वेळात,
आणि आमच्यापर्यंत पोचता पोचता
तो आवाज ओला व्हायचा.

"पाणी कधी येतला?" महाराजांनी विचारलं.
"येतला."
"पण कधी?"
"तेका व्हया तेव्हा," बुधाजी म्हणाला,
आणि धूर सोडला महाराजांच्याच दिशेने.

गुणाजी उठून उभा राहिला. होडी डुललीसुद्धा नाही.
मुकुट माझ्याकडे दिला, भिजू नये म्हणून,
आणि म्हणू लागला पहिल्या अंकातलं,
कांबळी मास्तरांनी वाणसामानाच्या वहीत
मागच्या पानांपासून लिहिलेलं:
"हे सागरा!
उत्तरेचे पर्वत माझ्यापुढे वाकले,
दक्षिणेच्या नद्यांनी माझ्या घोड्यांचे खूर धुतले.
आता तू बाजूला हो!"

सागर बाजूला झालेलाच होता.
अडचण तीच होती.

चिखलात कुर्ल्या कुरकुरत होत्या.
कांदळवनातून एक ढोकरी ओरडत उडाली.
प्रधान हसला, मग पेटीवाला हसला,
मग महाराज खाली बसले आणि मिशीचा डिंक खाजवू लागले.
बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

"तू मरतंस कसो रे?"
मला वाटलं, प्रधानाला विचारताहेत.
"तुका इचारतंय. मी फुडे निघान जातंय, माका दिसणा नाय."
"डाव्या कुशीर."
"डाव्याच?"
"उजवीकडे पडदो. डावीकडे आवस दिसता, गोणपाटार बसलेली.
दर वर्सा भियाता ती.
मगे मी एक बोट हलयतंय."

नऊ वर्षं मी या माणसासाठी मरत होतो.
त्याने माझ्या मांडीवरचा मुकुट उचलला,
पुठ्ठ्याची एक कड सुटली होती ती बोटाने दाबली,
आणि परत माझ्याच मांडीवर ठेवला.

पाणी आलं ते वाजत-गाजत नाही.
होडीच्या बुडाला खालून कोणी
नखाने खरवडावं तसं आलं.
"चला," बुधाजी म्हणाला.

पोचलो तेव्हा दीड वाजला होता.
कुडाळची राणी गाडीची वेळ सांगून बसलेली,
म्हणून तिचं लग्न आणि वैधव्य एकाच प्रवेशात उरकलं.
मास्तर विंगेत घामाघूम, वहीची पानं पुढेमागे करत.
अर्धा गाव आडवा.

मग रणभूमी. झांजा, तांबडा दिवा.
मी पडलो, डाव्या कुशीवर.
आई गोणपाटावरच होती, पण गुडघ्यांत मान घालून झोपलेली,
शेजारी खाजाचा पुडा, अजून बांधलेला.
बोट कोणासाठी हलवू?

इथे महाराजांनी माझ्यावरून ओलांडून
सिंहासनाकडे जायचं असतं.
ते थांबले.
"पुढे चला," विंगेतून मास्तर कुजबुजले.
"पुढे चला महाराज! आता माझी पृथ्वी, आता माझी पृथ्वी!"
शेवटी इतक्या जोराने की
मागच्या रांगेतलं एक पोर जागं होऊन रडू लागलं.

"निजली हा ती," वरून आवाज आला,
ओठ न हलवता, फक्त मला ऐकू येईल असा.

मेलेल्या माणसाला फार वर बघता येत नाही.
मला दिसत होता त्याचा पाय,
चांदीच्या कागदाचा तोडा,
तोड्याच्या वरपर्यंत वाळत आलेला खाडीचा चिखल,
आणि त्यात अडकलेली, नखाएवढी, उघडी एक शिंपली.