कुत्रे दोन फक्त

ठराव मंगळवारी झाला.
सचिवाने निळ्या खडूने फळ्यावर लिहिला:
एका घरी जास्तीत जास्त कुत्रे दोन.
आणि पुढे, चेकवर लिहितात तसं, ‘फक्त’.

मी पंचायतीचा शिपाई. नळ सोडतो, दवंडी देतो,
पंधरा ऑगस्टला झेंड्याभोवती चुना मारतो.
आता बगलेत रजिस्टर
आणि पायजम्याला एक भोक,
टेकामांच्या दारात पडलेलं.

कारण बिबट.
वनरक्षक म्हणाला, कुत्रे आहेत म्हणून तो गावात येतो.
माना हलल्या.
पंचफुला कुमरे मागून म्हणाली,
कुत्रे आहेत म्हणून तो आलेला कळते.
हे इतिवृत्तात आलं नाही,
सचिव तेव्हा चहा सांगायला उठला होता.

तिच्या अंगणात पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं.
वाळलेली मोहफुलं ती सुपात गोळा करत होती.
तांब्याभर पानी दिलं, मग विचारलं,
“रंग पन लिवतोस का गा?”
रकाना होता. रंग, लिंग, लस, मालकाची सही.

“हा वायरमन. रात्री बोलावला तर येत नाही.
ही एसटी. येते, पन कधी ते विचारू नको.
हा तहसीलदार, दिवसभर झोपते.
तो पांढरा, त्याले नाव नाही, परवाच आला.
आनि ही लंगडी सोमी. तिच्या पोटात आहेत,
ते आता मोजतोस का बाहेर आल्यावर?”

मी म्हटलं, मावशी, दोन.
ती म्हणाली, कोनते?
हे ठरावात नव्हतं.

तिने सूप खाली ठेवलं.
“ह्या गल्लीत घरं किती?”
अकरा.
“धूर कितीतून निघते?”
मान वळवून बघायची गरज नव्हती.
सिडाम मिरची तोडायला तेलंगणात,
मडावी भाऊ दोघंही बुटीबोरीत,
गुरनुले पोरीकडे बल्लारशाला.
ते आता येत नाहीत,
पण जाताना कुलपात तेल सोडून गेले.

“मंग? हे काय माह्या घरात झोपतात?
वायरमन सिडामाच्या ओट्यावर झोपते.
एसटीले गुरनुलेबाई पोळी टाके,
ते अजून सकाळी त्याच दारापुढं बसते.
लिव ना त्यायच्या नावावर.
घरपट्टी त्यायच्या नावावर लिवतच असशील ना?”

मी लिहिलं.
सिडाम, घर क्रमांक सत्तेचाळीस, कुत्रा एक, तांबडा.
गुरनुले, कुत्री एक.
मडाव्यांची वाटणी झालेली, तेव्हा
तहसीलदाराचे पुढचे पाय थोरल्याचे, ती म्हणाली.
मी हसलो, आणि धाकट्याचं नाव घातलं.
कुमरे पंचफुला: सोमी, आणि एक पांढरा.

सहीच्या रकान्यात तिने चार वेळा अंगठा दिला.
बोटाला मोहाचा चिकटा होता,
पानं अजून एकमेकांना धरून बसतात.

सचिव खूश. अख्ख्या गावात कुठेच तीन नाहीत.
आकडा तालुक्याला गेला.

त्याच रात्री टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायला निघालो
तर सत्तेचाळीस नंबरातून भुंकणं उठलं,
मग गुरनुल्यांकडून, मग मडाव्यांच्या दारातून.
सगळी बंद घरं एकमेकांना विचारत होती,
कोन आहे, कोन आहे.
बॅटरी नाल्याकडे धरली.
गवत हललेलं होतं, एवढंच दिसलं.

सकाळी पंचफुलाबाई स्वतः पंचायतीत आली.
पदराला मोहाचा वास. खुर्चीवर बसली नाही.
पांढरा खोड, म्हणाली.

नाव नव्हतंच, म्हणून रंग खोडला.
ती रेघ वाळेपर्यंत उभी राहिली,
मग म्हणाली, “म्हंजे एक जागा झाली न माही?
सोमीले रात्री चार झाले.”

सचिव अजून यायचा होता.
मी पेन ठेवलं, टेबलाच्या खणात
पेन्सिल शोधायला लागलो.