हातभर जमीन

अल्फोन्सासच्या आणि माझ्या परसामध्ये
हातभर जमिनीचं भांडण होतं.
सामूहिक शेती मोडली तेव्हा मोजणीवाला आला,
त्यानं खुंटी ठोकली ती नेमकी कांद्याच्या वाफ्यात.
कोणाच्या, ते विचारू नका.
अकरा वर्षं आम्ही बोललो नाही.
थंडी किती पडलीय
ते मला त्याच्या खोकल्यावरून कळायचं.

मेच्या शेवटच्या रविवारी
चर्चला जायला मी रुमाल बांधत होते,
आणि तिसऱ्या पेटीतलं मोहोळ उठलं.
चूक माझीच. राणीच्या कोठ्या दिसल्या होत्या
चौकटीच्या कडेला, करंगळीच्या पेराएवढ्या.
गुडघे दुखत होते. म्हटलं, उद्या बघू.

आधी आवाज आला,
लांब कुणी गिरणी सुरू करावी तसा.
मग आभाळाचा एक तुकडा तपकिरी झाला, हलला,
कुंपणावरून, कांद्यांवरून, खुंटीवरून,
मोजणीवाल्याला न विचारता
पलीकडे गेला
आणि अल्फोन्सासच्या नासपतीला
दाढीसारखा लोंबला.

त्याच्याकडेही पेट्या होत्या, युझेफा होती तोवर.
ती गेली, त्याच हिवाळ्यात माश्याही.
आमच्या भाषेत जनावराच्या मरणाला एक शब्द आहे,
माणसाच्या मरणाला दुसरा.
कुत्रा, घोडा, दुभती गाय, सगळ्यांना पहिला.
माशीला मात्र माणसाचा.
गाय मरते. मधमाशी वारते.
त्या वसंतात तो फावडं घेऊन नासपतीखाली खणत होता.
मी खिडकीतून पाहिलं होतं,
आणि पडदा ओढून घेतला होता.

चादर घेतली, टोपली घेतली, धुराडं पेटवलं.
त्याच्या फाटकाची कडी कुठल्या बाजूला सरकते
हे हात विसरून गेला होता.
तो शिडी लावून आधीच उभा.
"तुमच्या आहेत," म्हणाला.
"झाड तुमचं आहे," मी म्हणाले.
अकरा वर्षांच्या मानानं हे पुष्कळ झालं.

त्यानं फांदीला एकच झटका दिला.
टोपलीत धपकन पडलं ते दोन किलो वजन,
ऊबदार, आतल्या आत सरकणारं.
उठलेलं मोहोळ पोटभर मध पिऊन निघतं,
सहसा डसत नाही.
एक मात्र डसली, त्याच्या कानामागे.
मला वाटतं मुद्दाम.

मोहोळ विकायचं नसतं.
आजोबा म्हणायचे, पैशाच्या माश्या टिकत नाहीत.
द्यायचं. आणि ज्याला दिलं
तो मग आपला बिचुलिस.
माशीला आम्ही बिते म्हणतो, त्यातूनच निघाला हा शब्द.
विल्नियसला गेलेली पोरं आता कुणालाही म्हणतात,
एकदा सोबत बिअर प्यायली की झालं.
मी तो जिभेवर आणला
आणि विचारलं, "जुनी पेटी आहे का एखादी?"

होती. निळी, युझेफानं रंगवलेली.
आत उंदराचं घर.
आम्ही ती खरवडली, उन्हात ठेवली,
संध्याकाळी तोंडाशी चादर अंथरली.
माश्या चालत आत गेल्या,
जेवायला बोलावलेल्या वऱ्हाडासारख्या,
जरा ढकलाढकली करत.

नंतर फार काही झालं नाही.
लिंडेन फुलला. मध त्याला कमीच मिळाला.
कांदे मी उपटले, अर्धे कुंपणावर ठेवले.
रात्रीत नाहीसे झाले.

फेब्रुवारीत, गुडघाभर बर्फात, त्याची हाक आली.
"लेओकाद्या, ये जरा."
त्याला डाव्या कानानं काहीच ऐकू येत नाही,
उजव्यानं फक्त कुत्रा.
मी रुमाल मागे सारला,
निळ्या फळीला कान लावला, बोटानं टकटक केलं.
बराच वेळ नुसतं लाकूड.
मग खोलवर, हुंकारासारखं काहीतरी चढलं
आणि उतरलं.
"आहेत," मी म्हणाले.
"नक्की?"
"आहेत."

मी उठायला लागले.
त्यानं माझ्या खांद्यावर हातमोजा ठेवला.
"थांब थोडी," म्हणाला,
"माझ्या वाटचंही ऐक."