दहा-नऊ

एकवीस वर्षं मी आठव्या पानावर राहिलो,
जालन्यात, कुंडलिकेच्या अलीकडे,
एका छोट्या दैनिकात.
खाली टायरची जाहिरात, कडेला सरकी-बियाण्याची,
मध्ये उरेल तेवढ्यात खेळ.
जिल्हा खो-खोची अख्खी फायनल
एकदा साडेतीन ओळींत बसवली.
गुण बसले, पोरी बसल्या नाहीत.

विशेषणांना मात्र तोटा नव्हता.
चिवट, झुंजार, अभेद्य, लोखंडी.
लोखंडी तर रोलिंग मिलच्या गावात
कुणालाही चालून जायचं.

इलियास पठाण खरोखरच मिलमधला.
आठ तास भट्टीसमोर,
मग पत्र्याच्या शेडमध्ये
भुसा भरलेल्या सिमेंटच्या गोणीवर
डावा, डावा, उजवा.
विभागीय स्पर्धेत तो हरला, तीन-दोन.
मी चार कॉलमी मथळा दिला:
इलियासवर अन्याय! पंच आंधळे!

आता सांगतो.
पत्रकारांचं टेबल होतं खांबाआड.
तिथं चहा आधी यायचा म्हणून
ती जागा आम्हीच मागून घेतलेली.
तिसऱ्या फेरीत मी बशीत चहा ओतत होतो
आणि गर्दी जे ओरडली
ते लिहून घेत होतो.

मग आठवं पान औरंगाबादहूनच लागून यायला लागलं.
सेहेचाळिसाव्या वर्षी मी पंचाची परीक्षा दिली,
विशीतल्या पोरांच्या बाकावर.
पांढरा शर्ट, पांढरी पँट, काळे बूट.
बायको म्हणाली, "बँडवाल्यावाणी दिसायलाव."

रिंगच्या कडेला खुर्ची.
बोलायचं नाही. टाळी नाही. हळहळ नाही.
तीन मिनिटं संपली की लाल किंवा निळा,
दहा-नऊ.
एवढाच माझा मजकूर.
पहिलं वर्षभर रात्री झोपेत
त्या नऊच्या पुढं विशेषणं लावत होतो.

खुर्चीनं एक शिकवलं:
मोठा आवाज होतो तो ठोसा ग्लोव्हवर बसलेला असतो.
खरा लागतो तो जवळजवळ मुका.
फक्त मान जराशी मागं जाते,
ओल्या केसांतून चार थेंब उडतात,
आणि तेवढ्यात त्याची पाठ माझ्याकडे असली
तर मला पाठच दिसते.
म्हणून आम्ही पाच जण बसतो चार बाजूंनी,
पाच वेगळ्या लढती बघत.

लातूरला एका पोरानं माझ्यावर लिहिलं:
पंचांच्या डोळ्यांवर पट्टी.
मापात होता मथळा.
मी कापून पाकिटात ठेवला.
त्याचं टेबल कुठं होतं
तेवढं विचारायचं राहिलं.

गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी
इलियासच्या दुकानात गेलो.
भोकरदन नाक्याकडं पंक्चरचं दुकान,
भिंतीवर माझं कात्रण, लॅमिनेट केलेलं,
कडेनं पिवळं पडलेलं.
खाली स्टुलावर पाण्याचं घमेलं.
मी सगळं सांगितलं. खांब, बशी, चहा.
सांगताना उभा होतो, का कोण जाणे.

तो हसला नाही, चिडलाही नाही.
"मालूम है, साहेब. हरलोच होतो मी.
तिसऱ्या राउंडला पाय उचलंना.
निळ्यानं दोन घातले पोटात, कुणाला दिसले नाहीत.
मला दिसले ना."

मग हे कात्रण?

"राहू द्या. पोरं वाचतेत संध्याकाळी.
शेडवर चौदा येतेत आता, त्यात चार पोरी.
तिथं लोखंडी लिहिलंय ना, तेवढंच वाचतेत.
बाकीचं मी सांगतो त्यांना,
पोट झाका म्हणून."

वीस वर्षांनी कुणीतरी माझं विशेषण
कामाला लावलं होतं,
आणि बातमी बाजूला काढून ठेवली होती.

एका ट्रॅक्टरची ट्यूब आली.
हवा भरून त्यानं ती घमेल्यात दाबली,
हळूहळू फिरवू लागला.
मी स्टूल ओढून समोर बसलो.
दोघंही गप्प,
पाण्यावर नजर.
माझ्या बाजूनं काहीच दिसेना.
त्याच्या बाजूनं एक बारीक बुडबुडा सुटला.

"हितं," तो म्हणाला,
आणि बोट ठेवलं.