सेकंड

सोलापुरात समुद्र नाही.
मुलाखतीत हे सांगितलं तेव्हा तिघेही हसले होते.
तळं आहे, सिद्धेश्वराचं,
आणि कितीही खोदा, संपत नाही असा काळा दगड.

एप्रिलात घरी आले ती रजा म्हणून नाही.
विहीर कोरडी निघाली होती.
किनाऱ्यापासून दोनशे किलोमीटर, दीड किलोमीटर पाणी,
त्याखाली तीन किलोमीटर खडक.
जिथं आजवर कुणी सुईएवढं भोक पाडलं नव्हतं
तिथं बोट ठेवून मी म्हणाले होते, इथं.

कारण तिथं भ्रंश होता,
नकाशावर नखानं ओढल्यासारखा, ऐंशी किलोमीटर लांब.
एका अंगाचे थर खाली बसलेले,
दुसऱ्या अंगाचे तसेच उभे,
मधल्या फटीत चिकणमाती सारवलेली.
अशा भिंतीला टेकून तेल थांबतं.
थांबायला हवं होतं.
वर आलेला दगड ओला नव्हता, नुसता डागाळलेला;
खास दिव्याखाली धरला की फिकट पिवळा उजेड द्यायचा,
कप उचलून नेल्यावर टेबलावर चहाचं वर्तुळ राहतं
तेवढाच पुरावा.

अहवालात लिहिलं : भ्रंश गळका असावा.
त्या 'असावा'ची किंमत किती कोटी, लेखा विभागाला विचारा.

वडील, अंबय्या दुडम, चाळीस वर्षं जॉबर,
दुपारी माझ्या लॅपटॉपवर वाकले.
काळ्या-पांढऱ्या रेघा, उभ्या, आडव्या.
"इथं तारा तुटल्यात की. पाळी कुणाची होती?"
मी म्हटलं, सहा कोटी वर्षांपूर्वी कुणाचीच नव्हती.
ते हसले नाहीत.
आतल्या ट्रंकेतून एक चादर घेऊन आले.

किल्लारीच्या रात्रीची.
गणपती बुडवून आलेली माणसं, कानात गुलाल,
व्यापाऱ्याला माल सकाळी हवा, म्हणून चार माग चालू.
चाराला चार मिनिटं कमी.
आधी वाटलं पट्टा निसटला,
मग कळलं, बंद मागही वाजतायत.
या काळ्या दगडाखाली काही सरकू शकतं
हे आमच्यात कुणाला माहीत होतं?
मी सात वर्षांची होते.
चादर सेकंडात गेली. सेकंडातही कुणी घेईना.
शेवटी यांच्याच पगारातून कापली.

मरून रंग, पांढरा मोर, मानेचं मधलं बोटभर गायब.
मी तिथं बोट ठेवलं. म्हटलं, धक्का.
"नाही. धक्क्यानं एवढंच गेलं,"
आणि नखाचं टोक दाखवलं.
"बाकीचं नंतर. वीज आल्यावर यल्लप्पानं घाईत माग सोडला,
कार्डं मागं घेतलीच नाहीत. उलटी कर की."
मागच्या बाजूला गाठी होत्या,
बारीक, एका ओळीत, पहिल्या तुटीपासून जरा खाली.
"दोन खेपा आहेत. तू एकच मोजतीस."

चारशे सतरावी रेषा. अगदी वरचे थर,
समुद्राच्या तळाला लागून, कोवळे.
त्यांच्यात एक थरथर होती.
मी ती गोंगाट समजून गाळली होती,
स्वच्छ चित्र दिसावं म्हणून.
आता ती परत आणली. भ्रंशाच्या बरोबर माथ्यावर.
म्हणजे भिंत होती. तेल आलं, टेकलं,
कितीतरी लाख वर्षं टेकून राहिलं,
आणि मग कुणीतरी पुन्हा माग सोडला.

"मग साठलेलं गेलं कुठं?"
वर, मी म्हणाले.
"वर म्हणजे?"
समुद्रात, हा शब्द तोंडापर्यंत आला होता.
तेवढ्यात पंखा थांबला. लाईट गेली.
साखर पेठेतले माग एकेक करून गप्प झाले,
आणि बेचाळीस अंशांची ती शांतता घरात शिरली.
वडील चादरीची घडी घालत होते.
"कुठं गेलं काय की," स्वतःशीच.

बॅटरी एकोणीस टक्के.
भ्रंशाच्या पूर्वेला, वरच्या अंगाला,
एक लहानसा उंचवटा आहे.
अहवालात त्याला नाव नाही.