दोन अक्षरांचा फरक

तुर्भ्याच्या एमआयडीसीत, केकच्या कारखान्याला लागून
आमची प्रयोगशाळा.
व्हॅनिलाचा वास एसीतून आत येतो
आणि शिजणाऱ्या आगारच्या वासात मिसळतो.
पहिल्या महिन्यात मळमळायचं.
आता दुपारी त्याच वासानं भूक लागते.

नेरूळहून बर्फाचा डबा आला. चिठ्ठीवर लिहिलेलं:
आयसीयू. बेड चार, नऊ, दहा.
क्लेबसिएला. कशालाच दाद देत नाही.
आणि खाली, वेगळ्या शाईत:
सुगंधा भोईर, आया. हाताचा स्वॅब. तातडीचं.

तातडी कसली ते न विचारताच कळलं.
तीन आजारी, आणि तिघांचं भांडं उचलणारी एकच बाई.
तिला दिघ्याला घरी बसवली होती,
चौकशी होईपर्यंत.

मी डॉक्टर करंदीकरांना फोन लावला. म्हटलं, अजून नमुने पाठवा.
कशाचे?
बेसिनची जाळी, नळाची तोटी, सलाईनचा स्टँड,
ज्यांना घरी बसवता येत नाही
त्या सगळ्यांचे.

ताटलीत औषधांच्या चकत्या मांडल्या.
एरवी प्रत्येक चकतीभोवती मोकळं अंगण पडतं.
सकाळी पाहिलं तर अंगण कुठेच नाही,
उंबऱ्याला टेकून राखाडी, ओलसर गर्दी.
कोलिस्टिनची परीक्षा वेगळी, नळीत घेतात.
तिथे थोडी दबली. थोडीच.

यंत्र स्टेपलरएवढं.
रात्रभर त्यातून धागे सरकतात आणि पडद्यावर
त्रेपन्न लाख अक्षरं उमटतात.
बाराखडी नाही, नुसती चारखडी.

लहानपणी मिरजेकडच्या आमच्या गावात हेळवी यायचा,
वहीतून घराण्याचा कोण कुणाचा ते म्हणून दाखवायचा.
त्याच्या वहीत मुली नसत.
इथे सगळ्या कन्यापेशीच.
एकीची दुसरी, दुसरीची तिसरी,
आणि दर पिढीला हात किंचित चुकतो,
एखादं अक्षर बदलतं. त्या चुकीवरून नातं लागतं.

पण विष पचवायची ती विद्या वंशातली नव्हे.
ते वाण.
एक छोटं गोल कडं,
शेजारणीनं शेजारणीच्या हातात ठेवलेलं,
कूळ न विचारता.

गुरुवारी उतारा जुळवला.
चार, नऊ आणि दहा: आपसात एक-दोन अक्षरांचा फरक.
नऊ आणि तिच्या उशाशी असलेल्या बेसिनची जाळी: दोन.
सुगंधा भोईर: बावीस हजार.
आडनाव तेच, कूळ दुसरं.

रोहिदास प्लंबरनं बेसिनखालचा वाक उघडला.
आत काळा, लोण्यासारखा थर.
उरलेलं सलाईन, कपातला चहा, शहाळ्याचं पाणी,
आपण ओतलेलं सगळं
कुणीतरी मनापासून खाल्लेलं.

नियमात बसत नव्हतं, तरी मी दिघ्याला फोन केला.
सुगंधाबाई, तुमच्या हातचं नाही निघालं.
मागे कुकरची शिट्टी. मग बराच वेळ काहीच नाही.
मग: नऊ नंबरच्या तांडेलबाई कशा आहेत, दिवाळ्याच्या?
मंगळवारी गेल्या, मी म्हणाले.

त्यांना विस्कटलेले केस चालत नसत,
ती म्हणाली. मी रोज विंचरून द्यायचे.
फणी तिथेच धुवायचे.
त्या बेसिनला.

पुढे ती बोलली नाही. मीही नाही.
पलीकडे कुणीतरी गॅस बंद केला.

रिपोर्टात एक रकाना राहिला होता:
संसर्गाचा संभाव्य मार्ग.
कर्सर लुकलुकत होता. केकवाल्यांची पाळी सुटली,
टोप्या घातलेल्या बायका फाटकातून हसत बाहेर पडल्या.
मी लिहिलं, बेसिन.
हात धुवायला उठले
आणि नळ न सोडता
जाळीकडे बघत राहिले.